झेंडूचा हार आणि साठ गिगाहर्ट्झ

माझ्या लहानपणी आमचं घर चरासोबत पुढे सरकायचं. पप्पा केबलसाठी चर खणणाऱ्या टोळीत होते. रस्त्याच्या कडेने कंबरभर खोल खणायचं, त्यात नारिंगी नळी टाकायची, वर माती लोटायची आणि पुढचा तुकडा धरायचा. खणायला पप्पा, माती ओढायला आई. चांदवडच्या अलीकडे सुरू झालेलं काम घाट चढून पलीकडे गेलं की आमचं पाल उठायचं. चूल तीन दगडांची, ती तिथेच राहायची. पुढच्या ठिकाणी दगड नवे.

त्यामुळे चौथीपर्यंत मी तीन तालुक्यांतल्या सहा शाळा पाहिल्या. बसायला मिळायचं ते दाराजवळ. अपूर्णांक मला कुणीच शिकवले नाहीत. जिथे जाईन तिथे ते एक तर होऊन गेलेले असायचे, नाही तर दिवाळीनंतर व्हायचे असायचे, आणि दिवाळीनंतर आम्ही दुसरीकडे. नांदगावच्या बाजूला एका शाळेत गुरुजींनी विचारलं, "गाव कुठलं तुझं?" मी म्हणाले, "आत्ताचं की मागचं?" वर्ग हसला. मी विनोद केला नव्हता.

त्याच नांदगावच्या रस्त्यावर चराची कड पप्पांच्या पायावर ढासळली. मांडीचं हाड मोडलं. ते बसलं, पण वाकडं. चर खणणं तिथे संपलं. मावशीच्या आधाराने आम्ही नाशिकरोडला एका कॉलनीत आलो, दोन खोल्यांत. पप्पा एका गोदामावर वॉचमन लागले, आई द्राक्षांच्या पॅकिंगला जायला लागली. कात्री धरून धरून तिच्या अंगठ्याला जो घट्टा पडला तो अजून आहे. मला मात्र पहिल्यांदा एकच शाळा मिळाली, सलग. मी अपूर्णांक स्वतः शिकले, सातवीत, पाचवीचं पुस्तक घेऊन.

पुढे डिप्लोमा केला, त्याच्या जोरावर थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी सगळीकडे सांगते. लोकांना वाटतं मिरवते. मिरवतेच.

नोकरी लागली ती नाशिकमधल्या अंबडच्या एका छोट्या डिझाइन कंपनीत. मुख्य ऑफिस बंगळूरला, नाशिकला आम्ही मोजकी माणसं. काम बिनतारी नेटवर्कचं. घरात सांगितलं तेव्हा पप्पांनी वाकडा पाय पुढे घेऊन विचारलं, "बिनतारी म्हंजी चर खणायला नको?"

"नको."

"मग चर खणणाऱ्यांनी काय करायचं?"

"पप्पा, तुम्ही आता कुठे खणता?"

"मी नाय खणत. बाकीचे खणत्यात ना."

 

काम काय होतं ते जरा सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. घरात जो वाय-फाय असतो त्याची लहर बोटभर ते फार तर वीतभर असते. ती भिंतीतून पलीकडे जाते, दारामागे वळते, कशीबशी पोचते. आम्ही जी लहर वापरत होतो ती पाच मिलिमीटरची, साठ गिगाहर्ट्झची. तांदळाच्या दाण्याएवढी म्हणा. तिच्यावर माहिती मात्र इतकी चढते की सिनेमाच्या सिनेमा डोळ्याची पापणी लवेपर्यंत पलीकडे. पण ही लहर नाजूक आहे. भिंतीतून जात नाही. हवाच तिला थोडी खाते. समोर तळहात धरला तरी अडते, कारण तिला पाणी सोसत नाही, आणि माणूस म्हणजे तिच्या दृष्टीने पाण्याची उभी पिशवी.

म्हणून तिला चारही दिशांना सोडून चालत नाही. शेतात पाणी धरताना नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी लांब जातं, तसं करावं लागतं. काडेपेटीएवढ्या पट्टीवर बत्तीस अँटेना असतात. प्रत्येकीची वेळ किंचित मागेपुढे करून लहर सोडली की सगळ्यांची मिळून एक धार होते. तिला आम्ही बीम म्हणतो. काहीही न हलवता ही धार हवी तिकडे वळवता येते. दोन्ही टोकांच्या धारा एकमेकींकडे तोंड करून असल्या तरच बोलणं चालतं. एकीने जरा तोंड फिरवलं की दुसरी हाका मारत बसते आणि हिला ऐकूच येत नाही. ही धार शोधायची, धरायची आणि सुटली तर पुन्हा शोधायची, हा प्रोग्रॅम माझा. दिशांना आम्ही नंबर दिले होते आणि प्रोग्रॅमचा नियम सोपा होता: ज्या नंबरावर सगळ्यात जोरात ऐकू येतं तो धर.

सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवणारा एक कारखाना आहे. तिथल्या एका शेडमध्ये रुळावर पुढेमागे धावणारी कमान होती, ते तिला गॅन्ट्री म्हणतात. तिच्यावर कॅमेरे. खाली ठेवलेल्या प्रत्येक भागावरून ती फिरते आणि कुठे चीर आहे का ते बघते. कॅमेऱ्याची केबल तिच्यासोबत दिवसभर वाकायची, सरळ व्हायची, आणि तुटायची. त्यांना केबल नको होती. आमच्या साहेबांनी सांगितलं, आम्ही देतो. अँटेनांचा एक पांढरा खोका गॅन्ट्रीवर, दुसरा शेडच्या खांबावर. चित्र अडलं तर गॅन्ट्री आपोआप थांबणार, पिवळा दिवा लागणार, भोंगा वाजणार. अट एकच: पूर्ण शिफ्ट न थांबता चालवून दाखवा.

"होईल ना?" साहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं.

"होईल," मी म्हणाले. दुसरं कुणी तोंड उघडायच्या आत म्हणाले.

खोका उंच लावता आला असता तर निम्मी कटकट मिटली असती. पण वरून क्रेन फिरते, म्हणून खांबावर डोक्याच्या वर काही लावायचं नाही, हा त्यांच्या सेफ्टीवाल्यांचा नियम. पहिली ट्रायल आम्ही कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी लावली आणि सगळं सुरेख चाललं. मी घरी जाऊन आईला श्रीखंड आणायला लावलं. दुसऱ्या दिवशी शिफ्ट भरली. माणसं कामाला उभी राहिली, फोर्कलिफ्ट फिरायला लागली आणि भोंगा थांबेचना. सुट्टीच्या दिवशी रिकाम्या शेडमध्ये सिग्नल मोजणं म्हणजे काय मोजणं, हे मला आधी कळायला हवं होतं. गॅन्ट्रीचा ऑपरेटर तोंडाळ होता. रीसेटचं बटण दाबून दाबून वैतागून म्हणाला, "मॅडम, तुमचं वायरलेस नव्या नवरीवाणी हाय. कुणी समोरून गेलं की रुसतंय."

दुसऱ्या ट्रायलपर्यंत मी शोध जलद केला. धार सुटली की सगळ्या दिशा धुंडाळायच्या नाहीत, आधी शेजारच्या बघायच्या. सकाळी बरं चाललं. दुपारी शेडचा पत्रा तापला. तेलाची वाफ शिरू नये म्हणून खोका सगळीकडून बंद होता, तोही आतून तापला आणि बत्तीस अँटेनांचं मागेपुढे बिघडायला लागलं. धार आहे तिथून घसरली. आम्ही खोक्याला उष्णता ओढून घेणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या लावल्या, घसरणं थांबलं. पण फोर्कलिफ्ट समोर येऊन उभी राहिली की शेजारची दिशा शोधून काय उपयोग? शेजारही तिच्याच आड.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दाखवली, मी बसले नाही.

"हे बघ, आडवळणं घेत नाही. बंगळूरवाले म्हणतायत, बीमचं काम आमच्याकडे द्या. तिसरी ट्रायल दसऱ्यानंतर आहे. त्यात गॅन्ट्री थांबली तर मला द्यावं लागेल."

"आणि मी?"

"तू टेस्ट रिपोर्ट्स बघशील. पगार तोच."

"पगाराचं मी विचारलं का, सर?"

त्यांनी ट्रायलची तारीख कॅलेंडरवर गोल केली. मग म्हणाले, "एकदाही थांबता कामा नये. समजलं ना? एकदाही."

त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. जेवताना मी ताटाभोवती वाट्या सरकवायची, ही इथे असली तर लहर कुठून जाईल म्हणून. नाशिकच्या द्वारका चौकातून सिन्नरची एसटी धरायची तर उभं राहायला बरं वाटायचं, बसले की पाय हलायचा. शेजारच्या बाईने एकदा माझ्या गुडघ्यावर हात ठेवून विचारलं, "परीक्षा हाय का गं?" मी हो म्हणाले. रिपोर्ट्स बघण्याला कमीपणा आहे असं नाही. पण ती धार मी पहिल्या दिवसापासून वळवली होती. ती दुसऱ्याच्या हातात द्यायची आणि आपण ती किती वेळा सुटली ते लिहीत बसायचं, हे माझ्याने झालं नसतं.

खंडेनवमीच्या दिवशी मी कारखान्यातच होते. काम अर्धा दिवस, मग पूजा. सकाळपासून माणसं यंत्रं पुसत होती. पाने, हातोड्या, मोजपट्ट्या धुऊन एका लाल कापडावर मांडल्या होत्या. टोपलीभर झेंडूचे हार आले होते. पत्रा दाबणाऱ्या प्रत्येक प्रेसला हार, फोर्कलिफ्टच्या आरशाला हार, गॅन्ट्रीच्या दोन्ही पायांना हार. शेडचे फोरमन सिन्नरच्याच बाजूचे, नोकरीची शेवटची वर्षं मोजणारे, सगळे त्यांना काका म्हणायचे. ते तांब्या आणि कुंकवाची वाटी घेऊन फिरत फिरत आमच्या खांबापाशी आले. मी तीन फुटांवर लॅपटॉप मांडून उभी.

"हे बी यंत्रच हाय की," ते म्हणाले. "याला कसं सोडायचं?"

त्यांनी खोक्याला हार घातला. दुहेरी, जाडजूड. कुंकवाचं ओलं बोट नेमकं तिथे टेकवलं जिथे आत अँटेनाची पट्टी आहे. आणि मग तांब्यातलं पाणी फुलांवर शिंपडलं.

मला माहीत होतं काय होणार. ओली फुलं म्हणजे पाण्याचा पडदा. एक वाक्य बोलायचं होतं: काका, एवढा हार जरा बाजूला घ्या. ते माझ्या तोंडात आलं आणि तिथेच थांबलं. आम्ही बौद्ध. त्या शेडमध्ये हे कुणी मला विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं, पण आडनावावरून लोक समजतात आणि समजल्याचं दाखवत नाहीत. खंडेनवमीला, सगळ्यांदेखत, मी हार काढा म्हणाले असते तर ती साठ गिगाहर्ट्झची गोष्ट राहिली नसती. 'यांचं असंच असतं' अशी झाली असती. म्हणून मी गप्प राहिले. माझ्यासारखी फटकळ बाई, आणि गप्प. त्याचा मला स्वतःचाच राग आला. लॅपटॉपच्या वायरीला पीळ घालत मी उभी राहिले.

नारळ फुटला. पूजेनंतर प्रत्येक यंत्र थोडा वेळ सुरू करायचं, अशी तिथली रीत. ऑपरेटरने गॅन्ट्री सोडली. ती चार पावलं गेली आणि भोंगा वाजला. सगळे हसले.

"पूजा झाली तरी रुसवा हायेच!" ऑपरेटर ओरडला आणि बटण दाबलं.

गॅन्ट्री निघाली. आणि चालत राहिली.

मी स्क्रीनकडे बघितलं. सिग्नल निम्म्यावर आला होता, पण चित्र येत होतं. दिशेचा नंबर एक्कावन्न. आम्ही नेहमी अठराच्या आसपास असायचो, समोरासमोर. एक्कावन्न म्हणजे तिरकं वर, भिंतीकडे. तिथे कुणीच नव्हतं. मला वाटलं प्रोग्रॅम चुकला. तेवढ्यात पेढे वाटायला सुरुवात झाली आणि अख्खी शिफ्ट येऊन खोका आणि गॅन्ट्री यांच्या मधोमध उभी राहिली. हातात पेढे, गप्पा, एकमेकांच्या पाठीवर थापा. माणसांची भिंत. मी भोंग्याची वाट बघत होते. दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून.

भोंगा वाजला नाही.

मी पेढा तसाच रुमालात बांधला आणि वर बघायला लागले. क्रेनच्या पल्ल्याबाहेर, बाजूच्या भिंतीला चिकटून, हवा खेळवणारा पत्र्याचा लांबलचक डक्ट गेला होता. शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, गॅन्ट्रीच्या रुळाला समांतर. महिनोन्महिने मी त्या शेडमध्ये वावरत होते आणि तो मला दिसला नव्हता.

पण दिसणं पुरेसं नाही, सिद्ध व्हायला हवं. मी ऑपरेटरला विचारलं, "जळमटं काढायचा बांबू आहे का? लांब?"

"हाय. खंडेनवमीला जळमटं काढणार व्हय मॅडम?"

"आणि एक पोतं द्या. ओलं करून."

बांबूच्या टोकाला ओलं पोतं बांधलं. ऑपरेटर तो धरून हळूहळू वर फिरवत गेला, मी स्क्रीनवर. "डावीकडे. अजून. वर. जरा भिंतीकडे." पोतं डक्टच्या खाली एका जागी आलं आणि सिग्नल धाडकन पडला. बाजूला घेतलं, परत आला. पुन्हा तिथे नेलं, पुन्हा पडला. धार हारापासून वळून तिरकी वर जात होती, डक्टच्या पत्र्यावर आपटून खाली गॅन्ट्रीवर उतरत होती. माणसांच्या डोक्यावरून.

"सापडलं काय?" ऑपरेटरने विचारलं. त्याचे हात दुखायला आले होते.

"सापडलं."

"काय सापडलं?"

"दुसरा रस्ता."

आमची चूक तिथे माझ्या ध्यानात आली. जिथे सगळ्यात जोरात ऐकू येतं तेच धर, हा नियम रिकाम्या शेडचा होता. जोराचा रस्ता डोक्याच्या उंचीवरून जातो आणि डोक्याच्या उंचीवर माणसं असतात. हळू ऐकू येणारा, वरून येणारा रस्ता कायम मोकळा होता, पण आमच्या प्रोग्रॅमने त्याला कधी विचारलंच नाही. समोरचा रस्ता पडला की तो घाबरून शेजारी शोधायचा. त्या दिवशी हार खोक्याच्या तोंडावरच असल्यामुळे समोरचं आणि शेजारचं सगळंच झाकलं गेलं. फक्त वरच्या कडेला, दुहेरी हार जिथे खिळ्यावर अडकवला होता तिथे, फट राहिली. म्हणून त्याला पहिल्यांदा वर बघावं लागलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. आमच्याकडे तो धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस. पांढरे कपडे घालून आम्ही कॉलनीतल्या विहारात गेलो. वंदना चालू होती आणि माझ्या डोक्यात एकच: तो हार वाळतोय. वाळलेल्या फुलांत पाणी नाही, पाणी नाही तर अडथळा नाही. समोरचा रस्ता परत उघडेल आणि मला वरच्या रस्त्यावर हवी तेवढी मोजमापं घेता येणार नाहीत. प्रोग्रॅम बदलायचा तर आधी कळायला हवं होतं, गॅन्ट्री कुठे असताना वरून कसं ऐकू येतं.

आईने कोपराने ढोसलं. "डोळं मीट. बोटं काय नाचवतीस?"

"मोजतेय."

"काय मोजतीस?"

"खांब."

"विहारात कुठले खांब आलेत?" ती पुटपुटली आणि पुढे म्हणायला लागली. पप्पा पलीकडून माझ्याकडे बघून हसले. त्यांनाही कधी स्वस्थ बसवत नाही.

तिसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने सिन्नर गाठलं. हार होता, पण मान टाकलेला. मी बाटली घेतली आणि फुलांवर पाणी शिंपडायला लागले, नीट, एकेक फूल भिजेल असं. मागे माणसं जमायला लागली.

"मॅडम देवाला लागल्या," ऑपरेटर म्हणाला.

"दसरा झाला की वो आता! विसर्जन करायचं, भिजवायचं न्हाई." मागून कुणीतरी ओरडलं.

काका आले. त्यांनी बाटली बघितली, हार बघितला. "ताई, हे काय चाललंय?"

मग मी सांगितलं. आधी तांत्रिक सांगितलं, हार, पाणी, डक्ट. ते मान हलवत राहिले. आणि मग मला वाटलं, अर्धवट सांगणं बस्स झालं. मी म्हणाले, "काका, आमच्यात पूजा नसते. आम्ही बौद्ध आहोत. परवा तुम्ही हार घातलात तेव्हा सिग्नल अडणार हे मला ठाऊक होतं. बोलले नाही. तुम्हाला वाईट वाटेल, चुकीचं वाटेल म्हणून. पण आता हा हार मला हवाय, ओला, दोन दिवस."

प्रेस धडधडत होत्या. मागची माणसं ऐकायला जवळ सरकली.

काका म्हणाले, "तुमी बोलला नाय, म्हणून भोंगा वाजला ना खंडेनवमीला? माझ्या नारळावर?"

"हो."

"मग ही चूक तुमची. सांगायचं. मी हार पायाशी ठेवला आसता. देव काय तोंडावरच बसतो का?" मग जरा थांबून, आवाज खाली आणून म्हणाले, "आन काय वाटंल, काय नाय वाटणार, ते आमच्यावर सोडायचं. आधीच धरून चालायचं नाय, ताई."

मला ते लागलं. कारण त्यांचं बरोबर होतं आणि माझंही चुकीचं नव्हतं. मला धरून चालायला शिकवणारे लोक मी पाहिले होते, दाराजवळच्या जागेपासून. पण हे मी त्यांना सांगितलं नाही. नुसतं "बरं" म्हणाले.

ते वळले आणि ऑपरेटरला म्हणाले, "बघत काय राह्यला? टोपलीत दोन हार उरलेत, मडक्यामागं ठेवलेत. ताजे हायेत. ते आण."

दोन दिवस ओल्या हारांआड मी मोजमापं घेतली. गॅन्ट्री पाऊल पाऊल सरकवायची आणि लिहायचं. ऑपरेटर आपणहून पाणी शिंपडत होता आणि दर वेळी "अभिषेक झाला, मॅडम" असं कळवत होता.

अंबडला परतल्यावर साहेब खूश झाले नाहीत. "वरून येणारा सिग्नल निम्मा. कॅमेऱ्याचं पूर्ण चित्र त्यात बसणार नाही."

"पूर्ण बसवायचंच नाही. समोरचा रस्ता मोकळा आहे तोवर पूर्ण चित्र. तो पडायला लागला की वर उडी, आणि तेवढा वेळ चित्र जरा भरड. परत समोर मोकळं झालं की खाली."

"उडी मारायला वेळ लागतो. तेवढ्यात भोंगा वाजेल."

"शोधायला वेळ लागतो, सर. उडीला नाही. वरचा रस्ता शोधायचाच नाही, तो हातात धरून ठेवायचा. समोरचं चालू असताना मध्ये मध्ये वरच्याला हाक मारून घ्यायची, आहेस ना म्हणून. मग पडलं की थेट."

"हाका मारण्यात वेग जाईल."

"थोडा जाईल."

"किती?"

मी वही पुढे केली. त्यांनी वाचली, पेन्सिलीने दोन ठिकाणी खुणा केल्या. एक खूण बरोबर होती. गॅन्ट्री दोन्ही टोकांना असताना डक्टवरून उतरणारी धार फार तिरकी येत होती. तिथल्यासाठी मला दिशांचे नवे नंबर करावे लागले, जुन्या यादीत त्या दिशाच नव्हत्या. भरड चित्रात बारीक चीर दिसेल का, हा त्यांचा दुसरा प्रश्न. ते मी कारखान्यातल्या तपासणीवाल्यांकडून लिहून आणलं: थोडा वेळ चालेल, कायम नाही.

"बंगळूरला दाखवू का?" साहेबांनी विचारलं.

"ट्रायलनंतर दाखवा."

"गर्व बाई तुला फार."

"आहे, सर."

ट्रायलच्या दिवशी मी लॅपटॉपसमोर बसले नाही, उभीच राहिले. हार कधीच निघाले होते. खोक्याच्या तोंडावर कुंकवाचा डाग राहिला होता, तो काकांनी स्वतः ओल्या फडक्याने पुसून, मग कोरड्याने पुसून दिला. "पाणी राह्यलं नाय ना?" त्यांनी विचारलं. शिफ्ट सुरू झाली.

स्क्रीनवर अठरा. एक माणूस ट्रॉली ढकलत आडवा गेला: एक्कावन्न, अठरा. दोन माणसं बोलत उभी राहिली: एक्कावन्न. ती गेली: अठरा. प्रत्येक वेळी मी भोंग्याकडे बघत होते, प्रत्येक वेळी गॅन्ट्री पुढे जात होती. पत्रा तापला, तरी चालत होती. जेवणाच्या सुट्टीनंतर फोर्कलिफ्ट नेमकी खांबासमोर येऊन बंद पडली. ड्रायव्हर खाली उतरला, चाकाला लाथ मारली, मेकॅनिकला शोधायला निघून गेला. लोखंडाचं अख्खं धूड मध्ये. ऑपरेटरने रीसेटच्या बटणावर हात ठेवला, सवयीने.

"हात काढ," मी म्हणाले.

"वाजंल, मॅडम."

"वाजू दे. हात काढ."

त्याने हात काढला. स्क्रीनवर एक्कावन्न, मग बावन्न, मग त्रेपन्न. गॅन्ट्री सरकत होती तशी धार डक्टवरून तिच्यासोबत सरकत होती. मेकॅनिक येईपर्यंत, बोनेट उघडेपर्यंत, तो आणि ड्रायव्हर भांडेपर्यंत. मी पाण्याची बाटली उघडली आणि प्यायची विसरून तशीच धरून उभी राहिले. फोर्कलिफ्ट निघाली. अठरा.

शिफ्ट संपली तेव्हा काकांनी ट्रायलच्या कागदावर सही केली. थांबल्याच्या रकान्यात शून्य लिहिलं. साहेबांनी तिथूनच बंगळूरला फोन लावला आणि मला ऐकू येईल अशा आवाजात सांगितलं की बीमचं काम नाशिकलाच राहील.

आज तो प्रोग्रॅम त्या कारखान्याच्या तिन्ही शेडमध्ये चालतो. कंपनीच्या पुढच्या डिझाइनमध्ये दुसरा रस्ता हातात धरून ठेवायची पद्धत घेतली आहे. ती मी बनवलेली आहे आणि कागदावर तसं लिहिलेलं आहे.